फ्लानर: रिकामटेकडा, बघ्या, की आणखी कोणी?

आडवाट (धागाकर्ती)

पॅरिसबद्दल काहीही वाचायला घेतलं की 'फ्लानर' हा प्राणी भेटतोच: शहरात कामाशिवाय हिंडणारा माणूस. कोशात पाहावं तर अर्थ 'रिकामटेकडा', 'उंडारणारा'. समीक्षेच्या लेखांत मात्र तोच इसम आधुनिक शहराचा थोर निरीक्षक होऊन बसलेला. एवढी बढती कशी मिळाली याला? आणि दुसरा प्रश्न, हा प्रकार ज्या जागांत जन्मला त्या आज पायाखाली घालता येतात का, आणि घालायच्या तर कशा?

जाणकारांनी हात राखून लिहू नये. 'आमच्या कॉलेजातली भटकंती' छापाचे किस्से कृपया नकोत, त्याला वेगळा धागा आहे.

वाळवी

चांगला विषय. बढती एका दिवसात झालेली नाही.

शब्द नॉर्मंडीच्या बोलीतून पॅरिसला आला, मूळ जुन्या नॉर्स भाषेत. अर्थ साधा: दिशा न ठरवता इकडेतिकडे फिरणं. १८०६ साली पॅरिसमध्ये एक निनावी पुस्तिका निघाली. तिच्यातले बोनोम नावाचे गृहस्थ दिवसभर शहरात फिरतात. नोकरी नाही, संसार नाही, पैसा कुठून येतो ते कुठेच सांगितलेलं नाही. कॅफेत बसायचं, नव्या दुकानांच्या पाट्या वाचायच्या, कपड्यांची नवी तऱ्हा पाहायची. इथे फ्लानर म्हणजे घरचं खाऊन हिंडणारा सुखवस्तू माणूस, बास.

१८४० च्या आगेमागे पॅरिसमध्ये चिमुकल्या विनोदी पुस्तिकांची लाट आली. एकेका पुस्तिकेत शहरातला एकेक नमुना: विद्यार्थी, भाडेकरू, कारकून. १८४१ मध्ये फ्लानरवरही एक निघाली. म्हणजे तोवर लोकांना हा माणूस लांबून ओळखू येत होता, चेष्टा करण्याइतका.

खरी उचल १८६३ ची. कवी बोदलेरने 'फिगारो' वृत्तपत्रात चित्रकार कोंस्तांतँ गीस यांच्यावर लेखमाला लिहिली. चित्रकाराने नाव छापू नका म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे लेखात ते फक्त 'श्री. जी.'. त्यात बोदलेरने फ्लानरला कलावंत केलं: गर्दी हेच ज्याचं घर, जो सगळं पाहतो आणि स्वतः ओळखू येत नाही.

पुढे १९२७ ते १९४० या काळात वाल्टर बेन्यामिन हा जर्मन लेखक पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसून १९व्या शतकातल्या पॅरिसवर टिपणं काढत राहिला. पुस्तक पुरं झालं नाही. टिपणांचा ढीग १९८२ मध्ये जर्मनीत छापला गेला. आज इंग्रजीतून जो फ्लानर आपल्याकडे येतो तो बहुतेक बेन्यामिनचा असतो. त्याचं म्हणणं बोदलेरइतकं गोड नाही. फ्लानर बाजारात जातो, वरवर नुसतं पाहायला, प्रत्यक्षात गिऱ्हाईक शोधायला. लेखकाचंही तेच, असं त्याला सुचवायचं आहे.

तेव्हा कोशही बरोबर आणि समीक्षकही. साल विचारल्याशिवाय अर्थ सांगता येत नाही.

तिरकस

म्हणजे खोदकाम चालू असलेल्या खड्ड्याभोवती जेसीबी बघत उभे असलेले आमचे पन्नास बांधव, तेही फ्लानर?

वाळवी

@तिरकस, नाही, आणि हा फरक फ्रेंचांनीच करून ठेवलाय. त्यांच्याकडे 'बादो' म्हणून वेगळा शब्द आहे, आपला 'बघ्या' त्याला तंतोतंत बसतो. व्हिक्तोर फुर्नेल याने १८५८ मध्ये दोघांची फोड केली: फ्लानर आपलं स्वत्व कधी सोडत नाही, बघ्याचं स्वत्व समोरच्या दृश्यात विरघळून जातं, तो माणूस न राहता गर्दी होतो. फुर्नेलला बघ्याबद्दल आकस नव्हता, उलट त्याला तो जास्त निरागस वाटायचा.

खड्ड्यापाशी ओळखायची खूण: बघ्या जेसीबी बघतो. फ्लानर जेसीबी बघणारे पन्नास जण बघतो आणि पुढे सटकतो.

मोजपट्टी

साहित्याचं ठीक आहे, पण या माणसाला पाय ठेवायला जागा कशी मिळाली हे कोणी सांगत नाही. १८०० च्या पॅरिसमध्ये रमतगमत चालणं जवळजवळ अशक्य होतं. जुन्या गल्ल्या अरुंद, गटार रस्त्याच्या मधोमध, दोन्ही बाजूंनी उतार त्या गटाराकडे. घोडागाडी आली की भिंतीला चिकटायचं, तरी चिखलाचे शिंतोडे अंगावर. फुटपाथ हा प्रकार पॅरिसच्या रस्त्यांवर १७८१ मध्ये पहिल्यांदा आला, आजच्या र्यू द लोदेओंवर, आणि पुढची पन्नास वर्षं तुरळकच राहिला. १८३३ ते १८४८ रांब्युतो हे प्रीफेक्ट (सरकारने नेमलेले मुख्य प्रशासक) असताना फुटपाथ बांधण्याला जोर आला.

तोवर हिंडायला कोरडी जागा एकच, ती म्हणजे छपराखालचे पॅसेज. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चची आणि सरदारांची आवारं जप्त होऊन विक्रीला आली. सट्टेबाजांनी ती घेतली, दोन रस्त्यांच्या मधल्या इमारतींच्या पोटातून बोळ काढला, दोन्ही बाजूंना दुकानं, वर काच. गाडी आत येऊ शकत नाही, पाऊस येत नाही, उजेड वरून. पॅसेज द्यु केर १७९८ चा, लांबीला सगळ्यात मोठा, साधारण ३६० मीटर. पॅसेज दे पानोरामा त्यानंतर लगेच. तिथे १८१७ च्या सुमारास गॅसचे दिवे लागले, पॅरिसमधल्या पहिल्या काही ठिकाणांपैकी. नंतर १८२३ ते १८२८ मध्ये पीकच आलं: व्हिव्हिएन, कोल्बेर, व्हेरो-दोदा, शुआझल, ब्रादी. जुफ्रुआ आणि व्हेर्दो १८४७ चे. जुफ्रुआचा सांगाडा पूर्ण लोखंड आणि काचेचा, लाकूड फक्त सजावटीपुरतं, आणि जमिनीखालून उष्णता खेळवलेली.

मग हे मेले का? तर रस्ताच सुधारला. ओस्मान १८५३ ते १८७० प्रीफेक्ट होते; त्यांनी रुंद बूलव्हार (हमरस्ते) काढले, दोन्ही बाजूंना प्रशस्त फुटपाथ, झाडं, बाकं. जी सोय पॅसेजमध्ये होती ती उघड्यावर, फुकट मिळू लागली. त्यात 'बों मार्शे'सारखी महादुकानं आली, जिथे सगळे मजले नुसते बघत फिरायला कोणी अडवत नाही. बारीक दुकानदाराचा धंदा बसला. पॅसेज अंधारे, कोंदट वाटू लागले. १९२५ मध्ये पॅसेज द लोपेरा पाडला, तो बूलव्हार ओस्मान पुढे न्यायला.

आडवाट

@मोजपट्टी, हे हवंच होतं. @वाळवी, कासवाचं काय? पॅसेजमध्ये फ्लानर लोक कासवाला दोरी बांधून फिरवायचे म्हणतात. हे खरं आहे का?

वाळवी

बेन्यामिनने लिहिलंय: १८३९-४० च्या सुमारास थोडे दिवस अशी टूम होती, चाल कासवाने ठरवावी म्हणून. तिथून ते प्रत्येक लेखात शिरलं. त्या काळच्या वर्तमानपत्री चित्रांत याचा पूर आलाय असं मात्र काही नाही. त्यामुळे 'बेन्यामिन म्हणतो' असं जोडूनच वापरावं. शेवंड (लॉबस्टर) दोरीला बांधून फिरवणाऱ्या नेर्व्हाल या कवीची गोष्टही त्याच जातीची, एका मित्राने नंतर सांगितलेली.

मोजपट्टी

गणित तरी करू. जमिनीवरचं कासव सुखात असेल तर ताशी ३०० मीटरच्या आसपास. गॅलरी व्हिव्हिएन (हाही पॅसेजच) १७६ मीटर. म्हणजे एका टोकाहून दुसऱ्या टोकाला ३५ मिनिटं, कासव मध्येच बसलं नाही तर. गॅलरीची रुंदी ३ मीटर. दहा जणांनी कासवं आणली असती तर दुकानदारांनी हाकलूनच दिलं असतं.

सीनकाठ

पॅरिसचं मी लिहितो. तिथे आता वीसेक पॅसेज उरलेत, सगळे बघायची गरज नाही. एक सलग रांग आहे, दक्षिणेकडून उत्तरेकडे, अंतर दोन किलोमीटरच्या आत. नाकासमोर चाललात तर अर्धा तास. तीन तास ठेवा.

मेट्रो १ किंवा ७ ने पाले रोयाल-म्युझे द्यु लूव्ह्र. आधी पूर्वेला गॅलरी व्हेरो-दोदा बघून या. १८२६ ची, मांसाचे पदार्थ विकणाऱ्या दोन व्यापाऱ्यांनी बांधलेली. काळी-पांढरी फरशी तिरकी टाकल्यामुळे आहे त्यापेक्षा लांब वाटते. परत येऊन पाले रोयालच्या बागेतून, बाजूच्या कमानींखालून उत्तरेला निघा. र्यू दे पेती-शां ओलांडली की ४ नंबरला गॅलरी व्हिव्हिएनचं तोंड. आत जमिनीवरचं मोझेक बघायचं. लोक वर काचेचे फोटो काढण्यात ते तुडवत जातात. त्याच रस्त्यावर पश्चिमेला ४० नंबरला पॅसेज शुआझल, १९० मीटर, जरा कळकट आणि म्हणून छान; दुपारी जेवायच्या सुट्टीत आसपासच्या कचेऱ्यांतला माणूस तिथे लोटतो.

मग र्यू व्हिव्हिएनने शेअरबाजाराच्या जुन्या इमारतीवरून वर. र्यू सँ-मार्कवरून पॅसेज दे पानोरामात शिरा. तिकिटं विकणारी दुकानं अजून आहेत (पोस्टाची तिकिटं, नाटकाची नव्हे). हा एकच बोळ नाही, आत फाटे फुटतात, त्यामुळे चुकायला वाव आहे. बूलव्हार मोंमार्त्रवर बाहेर पडलात की समोर, रस्त्यापलीकडे १० नंबरला जुफ्रुआ. त्याच्या आत काटकोनात वळण आहे आणि तिथेच दोन-चार पायऱ्या. जागेचा तुकडा वाकडा होता आणि जमीन एका पातळीत नव्हती, ते लपवलेलं नाही. पायऱ्या उतरून बाहेर पडलात की पुन्हा समोर पॅसेज व्हेर्दो: जुनी पुस्तकं, जुनी छापील चित्रं, वर माशाच्या काट्यासारखा काचेचा सांगाडा. इथे गर्दी एकदम ओसरते.

चुकतं कुठे ते सांगतो. रविवारी काही पॅसेजची लोखंडी दारंच बंद असतात, आणि जे उघडे असतात त्यांतली निम्मी दुकानं बंद. सोमवारीही जुन्या पुस्तकांची दुकानं उशिरा उघडतात किंवा उघडतच नाहीत. मंगळवार ते शुक्रवार, दुपारी तीननंतर जावं. पावसाचा दिवस मिळाला तर उत्तम, कारण मग पॅसेज कशासाठी बांधले ते सांगावं लागत नाही. आणि जुफ्रुआमध्येच ग्रेव्हँ मेणपुतळ्यांच्या संग्रहालयातली माणसं येऊन मिसळतात, तिथे शाळेच्या सुट्टीत मुंगीला वाट नसते.

तिरकस

नकाशा काढून फिरलो तर तो फ्लानर राहिला का? पहिल्या नंबरवरून दुसऱ्या नंबरवर. हे टपाल वाटणं झालं.

सीनकाठ

@तिरकस, रास्त. म्हणून हे एकदा करायचं, पॅसेज कुठे आहेत ते कळायला. दुसऱ्या दिवशी फोन खिशात.

पॅरिसमध्ये नकाशाविना हरवत नाही याचं एक कारण घरांचे नंबर. १८०५ च्या हुकमाने ठरलेली पद्धत आजही चालू आहे. जो रस्ता सीन नदीपासून दूर जातो त्याचा १ नंबर नदीच्या टोकाला. जो नदीला समांतर, त्याचे नंबर प्रवाहाच्या दिशेने वाढतात, म्हणजे ढोबळमानाने पूर्वेकडून पश्चिमेकडे. नंबर वाढत जातात त्या दिशेला तोंड केलं तर सम उजवीकडे, विषम डावीकडे. त्यामुळे कुठल्याही कोपऱ्यावर दोन दारांचे आकडे वाचले की नदी कुठे ते कळतं. निळ्या पाटीवर रस्त्याच्या नावाच्या वर लहान अक्षरांत विभागाचा क्रमांकही असतो. १८६० पासून असे २० विभाग, लूव्ह्रपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे गोगलगायीच्या शंखासारखे बाहेर उलगडत गेलेले. संध्याकाळी सहाला १९ वाचलंत तर समजा, पाले रोयाल बरंच लांब राहिलं.

पाण्यासाठी हिरव्या बिडाच्या व्हॅलेस कारंज्यांवर विसंबा. १८७२ पासूनची, चार स्त्रियांनी घुमट डोक्यावर धरलेली, पाणी पिण्याचं आणि फुकट. गोठू नये म्हणून हिवाळ्यात मात्र बंद करतात. रस्त्यावरची स्वयंचलित स्वच्छतागृहंही फुकट आहेत. बाहेरचा दिवा हिरवा असेल तरच दार उघडतं, आणि आधीचा माणूस बाहेर आल्यावर आतली धुलाई होईपर्यंत थांबायचं. धरून ठेवलेल्या दारातून आत घुसलात तर धुलाई तुमच्यासकट.

कलमबहाद्दर

एक गोष्ट सुटतेय. फ्लानर आणि भटक्या यांत चालण्याचा फरक काहीच नाही, फरक खिशाचा. १८१० च्या फ्रेंच दंडसंहितेत कलम २६९ म्हणतं भटकेगिरी हा गुन्हा आहे. २७० मध्ये व्याख्या: ज्याला ठरलेलं घर नाही, उपजीविकेचं साधन नाही आणि जो नेहमीचा धंदा-व्यवसाय करत नाही तो. २७१ मध्ये शिक्षा, तीन ते सहा महिने कैद. म्हणजे बोनोमसाहेबांकडे तीनपैकी तिसरी गोष्ट नव्हतीच. पहिल्या दोन होत्या म्हणून ते कॅफेत, नाहीतर कोठडीत. ही कलमं १९९४ मध्ये नवी संहिता लागू झाल्यावर गेली.

आपल्याकडे लोक समजतात की रात्री रस्त्यावर रेंगाळणं हाच गुन्हा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम १२२ नीट वाचावं. सूर्यास्त ते सूर्योदय संशयास्पद स्थितीत आढळण्याबद्दलचं आहे. पण रस्त्यात रेंगाळण्याच्या उपकलमाला दोन गोष्टी लागतात: तो माणूस नामचीन चोर असणं, आणि तिथे असण्याचा समाधानकारक खुलासा त्याला न देता येणं. नुसतं हिंडणं त्यात बसत नाही. बीटवरच्या शिपायाशी वाद घालायला हा मुद्दा कितपत कामाला येतो ते वेगळं. शांतपणे नाव, पत्ता आणि 'पाय मोकळे करतोय' एवढं सांगावं; 'निरीक्षण करतोय' असं चुकूनही म्हणू नये.

वाळवी

@कलमबहाद्दर, +१. बेन्यामिनचा मित्र फ्रांत्स हेसेल याने १९२९ मध्ये बर्लिनमधल्या भटकंतीवर पुस्तक लिहिलं. पहिल्या प्रकरणाचं नावच 'संशयित'. पॅरिसमध्ये रेंगाळणारा माणूस खपून जायचा. बर्लिनमध्ये सगळे कुठेतरी निघालेले, त्यामुळे हळू चालणारा प्रत्येकाला डोळ्यात खुपायचा.

चाफा

इथवर सगळे 'तो' चाललेत म्हणून लिहिते. १९व्या शतकातली बाई एकटी, विनाकारण रस्त्यावर थांबली तर तिच्याबद्दल काय समजायचं ते पोलिसांपासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांनी ठरवून टाकलेलं होतं. शब्दाचं स्त्रीलिंगी रूप 'फ्लानोझ' कोशात होतं, पण एका आरामखुर्चीचं नाव म्हणून! यावर कितीही चिडलं तरी कमीच.

जॉर्ज सांद या लेखिकेने १८३१ मध्ये यावर काढलेला तोडगा पूर्णपणे व्यावहारिक होता. बायकांचे पातळ तळाचे जोडे पॅरिसच्या दगडी फरसबंदीवर दोन दिवसांत फाटत, झगा चिखलात लोळे. तिने करड्या जाड कापडाचा पुरुषी लांब कोट शिवून घेतला, विजार, टोपी, आणि टाचांना लोखंडी नाल ठोकलेले बूट. नाटकाला पिटात बसता येऊ लागलं, रात्री-अपरात्री फिरता येऊ लागलं, कोणी वळून पाहीना. हे बेकायदा होतं बरं का. नोव्हेंबर १८०० च्या पोलिसी हुकमाप्रमाणे पॅरिसमध्ये बाईला पुरुषी पोशाख करायला परवाना लागे. पुढे १८९२ आणि १९०९ मध्ये सूट मिळाली: हातात घोड्याचा लगाम किंवा सायकलचं हँडल असेल तर विजार चालेल. हा हुकूम आता निष्प्रभ आहे असं सरकारने जाहीर केलं ते ३१ जानेवारी २०१३ ला.

मुंबईशी याचा थेट धागा आहे. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या सार्वजनिक जागांवर संशोधन करून २०११ मध्ये पुस्तक काढलं. मुद्दा असा की बाईला रस्त्यावर सुरक्षित राहायचं तर 'काम आहे' असं सतत दिसावं लागतं. फोन कानाला, पिशवी हातात, पावलं भराभर, थांबायचं तर बसथांब्यावर किंवा दुकानाच्या दारात. त्यामुळे त्यांची मागणी नुसत्या सुरक्षिततेची नाही; निरुद्देश रेंगाळायचा हक्क, आणि तो सगळ्यांना, गरीब पुरुषांनाही, कारण 'टवाळखोरांना हाकला म्हणजे बायका सुरक्षित' हे सूत्र त्यांना मान्य नाही. वर कलमबहाद्दरांनी लिहिलेलं खिशाचं गणित इथेही लागू पडतं.

एकट्या फिरणाऱ्या बायकांसाठी, पॅरिस असो की फोर्ट: बाकावर बसण्यापेक्षा उंच कठड्याला टेकून उभं राहणं बरं, उठायला वेळ लागत नाही. पाठीमागे भिंत किंवा दुकानाची काच घ्या. काचेत मागचं दिसतं. आणि कोणी बोलू लागलं तर सबब सांगू नका, सबब दिली की चर्चा सुरू होते. सरळ चालू पडा.

आडवाट

चाफाताई, दंडवत. आता कोणीतरी कृतीचं लिहा. हिंडायचं म्हणजे नेमकं करायचं काय?

नाक्यावरचा

गीस कसं करायचा ते बोदलेरने सांगितलंय, ते धरून चालावं. दिवसभर हिंडायचं, कागद बाहेर काढायचा नाही. रात्री बाकीचे झोपले की दिव्याखाली टेबलावर ओणवं होऊन आठवणीतून काढायचं: पेन्सिल, लेखणी, कुंचला, ग्लासातलं पाणी छतापर्यंत उडतंय, लेखणी शर्टालाच पुसतोय. हा क्रम महत्त्वाचा. पाहताना नोंद केली की डोळा नोंदीपुरतंच बघतो. फोनच्या कॅमेऱ्याने हेच होतं, फोटो काढला की मेंदू ते दृश्य निकालात काढतो. म्हणून फोटो शून्य, घरी आल्यावर एक पान.

वेग: नेहमीची चाल ताशी ५ किलोमीटर धरली तर इथे २ ते २.५, थांबे धरून. दोन तासांत चार-पाच किलोमीटरच्या वर गेलात तर तो व्यायाम झाला. पावलं मोजणारं घड्याळ काढून ठेवा, ते दर तासाला मनगटावर टोचतं आणि माणूस वेग वाढवतो. कानात काही नको.

एका खेपेला एकच धागा धरा. उदाहरणार्थ पॅरिसमध्ये बाल्कन्या. ओस्मान काळातल्या इमारतीला दुसऱ्या आणि पाचव्या मजल्यावर सलग बाल्कनी असते, मधल्या मजल्यांना तुटक कठडे. लिफ्ट नव्हती, म्हणून दुसरा मजला सगळ्यात महाग: रस्त्याच्या आवाजापासून वर, जिने कमी. वर जावं तसं भाडं उतरत जाई. पाचव्यावरची बाल्कनी केवळ दर्शनी भागाचा तोल साधायला. एकदा हे कळलं की मजल्यांकडे नजर टाकून इमारत लिफ्टच्या आधीची की नंतरची याचा अंदाज बांधता येतो. नियम मोडणारी इमारत दिसली की थांबायचं. खालची दुकानं दर दहा वर्षांनी बदलतात, त्यामुळे मान वर करायची सवय लावावी, पण फक्त थांबून. चालताना नाही! गीसचंच उदाहरण आहे, १८८५ मध्ये घोडागाडीखाली पाय चिरडला आणि अखेरची सात वर्षं रुग्णालयात पडून गेली.

आणि माणसाचा पाठलाग नको. १८४० च्या एका प्रसिद्ध इंग्रजी कथेतला निवेदक लंडनच्या गर्दीतल्या म्हाताऱ्यामागे चोवीस तास फिरतो, बोदलेरला ती कथा फार आवडायची, आणि तेव्हापासून लोकांना वाटतं की हे फ्लानरचं काम. कथेत ठीक. आपल्याकडे बाईचा पाठलाग हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, एकाच माणसावर नजर खिळली की रस्ता दिसायचा बंद होतो.

तिरकस

दोघं-तिघं मिळून गेलं तर?

वाळवी

तर ते 'देरीव्ह'. गी दबोर हा फ्रेंच लेखक आणि मंडळींनी १९५० च्या दशकात काढलेला प्रकार, १९५६ मध्ये त्यावर लेख आला. दोन-तीन जणांचे गट बरे, सरासरी अवधी एक दिवस, म्हणजे एका झोपेपासून दुसऱ्या झोपेपर्यंत. शहराचा कुठला भाग आपल्याला कसा ओढतो किंवा ढकलतो हे तपासणं हा हेतू. हेतू आला की फ्लानर संपला. दोन्हीत सरमिसळ करणारे लेख जालावर ढिगाने आहेत, सावध राहा.

बोदलेरचा एकटा असतो. सोबत माणूस असेल तर तोंड चालू होतं, डोळे मिटतात.

मोजपट्टी

मुंबईत छपराखालून हिंडायचं तर दादाभाई नौरोजी रोड, सीएसएमटीपासून हुतात्मा चौकापर्यंत. १८९६ च्या नियमाने तळमजल्याला सलग कमानी सोडणं इमारतींना बंधनकारक झालं. पॅसेज नव्हे हा, रस्त्याच्या कडेचा मंडप. पण ऊन-पावसाचं काम तेच. अडचणी दोन. प्रत्येक आडव्या गल्लीशी छप्पर तुटतं, पावसात तेवढं भिजावं लागतं. आणि प्रत्येक इमारतीच्या ओट्याची उंची वेगळी, मधेच एक-दोन पायऱ्या येतात, त्यामुळे वर बघत चालायची सोय नाही. दर्शनी भाग बघायचा असेल तर रविवारी सकाळी समोरच्या बाजूने. माणसं बघायची असतील तर कामाच्या दिवशी साडेपाचनंतर, स्टेशनकडे जाणाऱ्या लोंढ्याच्या उलट दिशेने आणि खांबांच्या आतल्या अंगाने.

आडवाट

वाचनखूण साठवली. @सीनकाठ, पॅसेज ब्रादी तुम्ही रांगेत घेतला नाही, मोजपट्टींनी नाव घेतलं होतं. तिथे भारतीय दुकानं आहेत ना?

सीनकाठ

आहेत. १८२८ चा, १०व्या विभागात, वरच्या रांगेपासून पूर्वेला बाजूला पडतो म्हणून घेतला नाही. मेट्रो ४ ने शातो दो उतरायचं. भारतीय, पाकिस्तानी, मॉरिशसच्या लोकांची खानावळी-दुकानं आणि किराणा. डाळी, मसाले, कढीपत्ता मिळून जाईल. बूलव्हार द स्त्रासबूरने त्याचे दोन तुकडे केलेत. काचेचं छप्पर पश्चिमेकडच्या तुकड्यालाच आहे, पूर्वेकडचा उघडा. दारात उभे असलेले लोक आपापल्या हॉटेलात बोलावतात, नुसतं बघत फिरू देत नाहीत. जेवायच्या वेळा टाळून चारच्या सुमारास गेलात तर त्रास कमी.